तोरणाखालची झडती

पुंडलिकराव गावंडे सरांनी पोळ्याच्या झडत्यांवर पीएचडी केली होती. भला जाड प्रबंध, आणि त्यातलं सांगणं एवढंच, की पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातल्या कोणीही पुढं यावं आणि चार ओळींची झडती म्हणून कोणाचीही फिरकी घ्यावी. पाटील असो की पुढारी, ज्याच्यावर झडती येईल त्यानं हसायचं आणि सगळ्यांबरोबर 'हर हर महादेव' ओरडायचं. रुसायची सोय नाही. आणि झडती आधी कोणाला दाखवायची तर बातच सोडा! सर हे बी.ए.च्या वर्गात असं रंगवून सांगायचे की पोरं बाकं वाजवायची. अन् तेच सर आता स्टाफरूममध्ये लाल पेन घेऊन एका पोरीची झडती तपासत बसले होते. घ्या!

झालं असं, की कॉलेजात पोळ्याआधी झडत्यांची स्पर्धा ठेवली होती आणि पाहुणे म्हणून संस्थेचे सचिव नानाजी येणार होते. प्राचार्यांनी काही सांगितलं नव्हतं, नानाजींचा फोन आला नव्हता. सरांनीच आपल्या मनानं नोटीस लावली: झडत्या आधी विभागात दाखवून घ्याव्यात. मागच्या वर्षी एका क्लार्कनं संस्थेबद्दल व्हॉट्सअॅपवर काहीतरी टाकलं आणि महिनाभरात त्याची बदली आडगावच्या शाळेवर झाली. त्यामुळेच झाली का, हे कोणी विचारलं नव्हतं. सरांना तेवढं पुरेसं होतं.

समोर निकिता मडावी उभी होती. दुसऱ्या वर्षाची, होस्टेलवर राहणारी. मुकुटबनच्या अलीकडच्या गावची पोर, आणि तिचा बाप नानाजींच्याच शेतावर सालगडी. या वर्षी त्या गावात एक नवल होणार होतं. झडती आजवर फक्त गड्यांनी म्हटलेली. पण निकिताची झडती ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं, यंदा तोरणाखाली ही पोरगी बोलणार. बायामाणसांतली पहिलीच. होस्टेलच्या गेटावर नानाजींच्या नावाची कमान, आत नळ कोरडे; त्यावरची ती झडती अशी होती:

गेटावर कमान, कमानीवर नाव,
नळाले पाणी नाही, जाणते सारं गाव.
नानाजीच्या बैलाचा हौद भरला,
पोरीइच्या बादलीचा थेंब काहून सरला?

वाचताना सरांना हसू फुटलं होतं. खरं सांगायचं तर पोटातून आनंद झाला होता. इतकी वर्षं शिकवलं त्याचं चीज झालं असं वाटलं. आणि त्याच आनंदात त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"चांगली आहे गं," ते म्हणाले. "पण नानाजी समोर बसणार. हे हौदाचं जरा…"

"काहून सर? खोटं आहे का?"

"खोटं कोण म्हणतं? पण तुझ्या बापाचा विचार कर. त्याच मालकाकडं आहे ना तो?"

"बापालेच तं पहिले ऐकवली मी," निकिता हसली. "हासून हासून खाटेवरून पडला तो! म्हणे, पोळ्याच्या दिवशी मालक कायचा अन् गडी कायचा."

"तो साधा माणूस आहे. मी तुझ्या भल्याचंच सांगून राह्यलो, पोरी."

'तुझ्या भल्याचं' म्हटल्यावर पुढं बोलणं संपतंच. पोरीचं हसू मावळलं. सरांनी तीन ओळींवर काट मारली आणि वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'शिक्षणाच्या प्रकाशाने उजळले गाव. नानाजींच्या बैलांचा साज भारी, सुखी राहो गावातली जनता सारी.' झडती कसली, सत्काराचं भाषण होतं ते. निकितानं कागद घेतला, वाचला, आणि "बरं सर" म्हणाली.

स्पर्धेत तिनं तीच म्हटली. शाळेत कविता म्हणतात तशी, हात बांधून. होस्टेलच्या पोरी मागं घोळक्यानं उभ्या होत्या. त्यांना मूळची झडती तोंडपाठ होती आणि त्या दुसऱ्या ओळीची वाट पाहत होत्या. ती आलीच नाही. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं आणि एकजण सरळ उठून निघून गेली. नानाजी मोबाईल पाहत होते. पहिला नंबर निकिताला मिळाला, कारण परीक्षक सरच होते. कप घेताना तिनं सरांच्या पायाला हात लावला, आणि सरांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

त्यानंतर सरांना काही गोड लागेना. वर्गात झडत्यांचा धडा आला तसा त्यांनी तो पुढं ढकलला. लाल पेन खिशात टोचतंय असं वाटून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. बायको म्हणाली, "काय झालं हो, चेहरा काहून उतरला?" तर तिच्यावरच खेकसले. शेवटी मनाशी पक्कं केलं: पोळ्याला त्या गावी जायचं, पोरीला गाठायचं आणि सांगायचं, तुझी झडती तुझीच म्हण. चूक झाली ती निस्तरायची.

पोळ्याला दुपारी सर मोटारसायकलनं गावात पोचले. पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, डफडी वाजत होती, शिंगं रंगवलेले बैल झुली पांघरून एकेक येत होते. मानाची जोडी नानाजींची, ती सगळ्यांत पुढं. तिचा कासरा निकिताच्या बापाच्या हातात. नवं धोतर नेसून तो नवरदेवासारखा मिरवत होता. निकिता बायांच्या घोळक्यात उभी होती. सरांना पाहून ती दचकली.

"निकिता," सर घाईघाईनं म्हणाले, "माझं चुकलं. आज तुझी मूळचीच म्हण. एक शब्द बदलू नको."

"खरंच म्हणू, सर?"

"खरंच. मी इथंच उभा आहे."

पोरीच्या तोंडावर जे तेज आलं, ते पाहून सरांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. वाटलं, झालं, सुटलो.

दोन-तीन गडी आपापल्या झडत्या म्हणून गेले, सरपंचाची टोपी उडाली, ग्रामसेवकाची उडाली, लोक हसून हसून वाकले. मग म्हातारे म्हणाले, "चाल वं बाई, आता तुहा नंबर!" निकिता पुढं आली. तेवढ्यात सरांच्या खांद्यावर एक जड हात पडला.

"अरे वा, गावंडे सर! आमच्या गावात?" नानाजी. पांढरा कुर्ता, गळ्यात उपरणं. "या, खुर्चीवर बसा ना माह्या बाजूले." आणि हात खांद्यावरच राहिला.

"गेटावर कमान, कमानीवर नाव," निकिताचा आवाज खणखणीत निघाला. होस्टेलचं, नळाचं गावाला ठाऊकच होतं. लोक पुढं सरकले. आणि दुसऱ्या ओळीआधी तिनं एकदाच सरांकडं पाहिलं.

सर शपथेवर सांगतील, त्यांनी ठरवून काही केलं नाही. पण खांद्यावर तो हात होता, आणि मान हलली. डावीकडं, उजवीकडं. जराशीच.

पोरीनं पाहिलं. "शिक्षणाच्या प्रकाशाने उजळले गाव," ती म्हणाली, आणि पुढचंही सगळं म्हणाली, सरांच्या अक्षरातलं. तिच्या बापाच्या हातातला कासरा सैल झाला. तो लेकीकडं बघत राहिला, काही समजेना त्याला. लोकांनी 'हर हर महादेव' म्हटलं, पण ते म्हणायचं म्हणून. सरांनीही म्हटलं. काय करतील?

तोरण तुटलं, मानाची जोडी उधळली, पोरंसोरं मागं धावली. गर्दी पांगता पांगता नानाजी पानाची पिंक टाकून म्हणाले, "काय सर, यंदा मजा नाही आली. माह्या बापाच्या टायमाले लोकं त्याचं नाव घेऊन अशा झडत्या म्हणत, का बुढा रागानं लाल होऊन जाय, पण हासे. यंदा आमच्यावर एकही नाही! आम्ही का एवढे वाईट झालो, का आमच्यावर कोणी बोलतही नाही?" ते हसत होते. खरंच हसत होते की कसं, ते सरांना ओळखता आलं नाही, आणि आता कधीच येणार नव्हतं.

निकिता तिथंच होती, बापाची वाट पाहत. नानाजी तिच्याकडं वळले. "काय वं पोरी, तू तं कॉलेजात शिकते. मले वाटलं तू तरी आमची काढशीन. कोणी अडवलं का तुले?"

सांग, सरांना वाटलं. सांग पोरी, माझं नाव घे, इथंच, सगळ्यांसमोर. आणि त्याच क्षणी वाटलं, नको, देवा, नको.

निकितानं सरांकडं पाहिलंही नाही. ओढणी सावरली आणि हलकंच म्हणाली,

"नाही नानाजी. सर तं म्हणत होते, मनातलं म्हण. मलेच सुचलं नाही."