फलाटावरची जागा

"कालच पुसली होती ही फळी, आज पुन्हा धुरळा," फुने ट्राओरे कुरकुरली. मालीतल्या कायेस स्टेशनच्या फलाटावर आंबे मांडायची ही तिच्या आईपासूनची जागा. गाडी बंद पडून सहा वर्षं झाली, तरी ती पुलाजवळच्या बाजारात बसेना. उद्या गाडी आली आणि जागा गेली तर? इंजिन दुरुस्तीला गेलंय, असंच सगळे तिला सांगत.

बकारी कुलिबाली आला. ट्राओरे-कुलिबाली घराण्यांचं नातंच थट्टेचं. भेटल्यावर एकमेकांना डिवचलं नाही, तर अपमान.

"ये रे चवळीखाऊ. गाडी आली की पहिला आंबा माझ्या गाढवाला, दुसरा तुला."

बकारीनं उलट टोमणा मारला नाही. पुलाजवळच्या बाजारात न्यायला तिची टोपली उचलली.

"फुनेताई," तो म्हणाला, "गाडी आता येणार नाही."