साऱ्या गावाचा खापरपणजोबा

आमच्या चोंग-तेरेक या किरगीझ गावाच्या क्लबात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. लग्नाला येत नाहीत, मयताला येत नाहीत, असले लोकसुद्धा लोकरीच्या टोप्या सावरत भिंतीला टेकून उभे होते. व्यासपीठावर क्लबचा जुना कॉम्प्युटर, मागे पांढरी चादर, चादरीवर प्रोजेक्टरचा उजेड. कीबोर्डभोवती आर्चा या डोंगरी झुडपाच्या डहाळ्यांचा धूर सोडलेला. धुरानं पितर जागे होतात म्हणे. मला फक्त खोकला आला.

धुरामागून मुकाश उगवला. मखमली झगा, हातात जपमाळ आणि गालावर वळवलेला माइक. हा बिश्केकहून आलेला स्वयंघोषित वंशावळकार.

"भावांनो, बहिणींनो! हे यंत्र नाही! आपल्या पितरांनी वाऱ्यातून उठून तारेत मुक्काम हलवलाय! ब्राउझरच्या कोपऱ्यातला हा निळा थेंब बघा. दिसायला केवढासा! पण दाबला की सात पिढ्या उठून बसतात!"

दूध डेअरीतली सोनुन पुढे बसली होती. मुकाशनं थेंब दाबला. चादरीवर अक्षरं उमटली आणि त्यानं ती घोगऱ्या आवाजात वाचली, "सोनुन, तुझी आई शेवटच्या दुखण्यात जर्दाळू मागत होती. बर्फामुळे तू आणू शकली नाहीस. आईनं तुला माफ केलं आहे."

सोनुननं हंबरडा फोडला. "हे मी गावात कुणालाच सांगितलं नव्हतं! कुणालाच!"

अख्ख्या क्लबानं तोंडात बोट घातलं. मी नाही घातलं. दुसऱ्याच्या आईचं मरण असं चादरीवर वाळत घातलेलं मला बघवेना.

मी गुल्सून, इथल्या शाळेत इतिहास शिकवते. तो निळा थेंब म्हणजे ब्राउझरला जोडलेलं एआय एक्स्टेंशन. असलंच एक माझ्याही ब्राउझरमध्ये आहे आणि मला ते फार उपयोगी पडतं. माझ्या रशियन अर्जांतल्या चुका काढतं. चाळीस पानी लेखाचा गाभा सांगतं, त्यामुळे कुठला लेख मुळातून वाचायचा ते कळतं. ते उघडलेलं पान वाचतं, मधल्या फटी भरतं, आणि फट भरायला माल मिळाला नाही तर बेधडक थापही मारतं. एकदा त्यानं मला अशा पुस्तकाचा दाखला दिला, जे कुणी लिहिलेलंच नव्हतं. तेव्हापासून ते काहीही म्हणालं तरी मी मूळ पान उघडून बघते. हुशार पण लबाड विद्यार्थ्याशी वागावं तसं मी त्याच्याशी वागते. आरती ओवाळायचं मात्र कधी सुचलं नाही.

गावाला ते सुचलं, कारण मुकाशनं गावाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. आमच्यात पोर बोलायला लागलं की त्याच्याकडून सात पिढ्यांचे पुरुष पाठ करवून घेतात. सात पुरुष न सांगता येणारा तो गुलाम, असं म्हणतात. सातांत एक जरी पुरुष सामाईक निघाला तरी तिथे सोयरीक नाही, ते भाऊबहीण. बोलायला सगळे ताठ, पण अर्ध्या गावाची गाडी पणजोबापाशीच अडते. पुढचं विचारलं की माणसं खोकतात, चहा ओततात, हवापाण्यावर बोलू लागतात. मुकाशनं हा खोकला बरोबर ओळखला.

सोनुनच्याही आधी, सगळ्यांत पहिला बसला होता शात्मान आजोबा. गावातला सर्वांत वडीलधारा, पांढरी दाढी छातीपर्यंत. त्यानं स्वतःच तासभर मुकाशला ऐकवलं की आपला खापरपणजोबा अल्तिमिश बातीर, एकट्यानं शत्रूचे घोडे पळवून आणणारा वीर. मुकाश ऐकता ऐकता टाइप करत होता. मग थेंब दाबला आणि यंत्र उत्तरलं, खापरपणजोबा अल्तिमिश बातीर! शात्मानचे डोळे भरून आले. आपणच ओतलेलं पाणी नळातून आलं, तर त्याला झरा म्हणत होते लोक. त्या दिवशी पितरांच्या नावानं मेंढी कापली. शिजवलेलं डोकं मानानं कॉम्प्युटरपुढे ठेवलं. कॉम्प्युटरला भूक नव्हती, म्हणून मुकाशनं खाल्लं.

मग रांग लागली. बसणाऱ्याला एकच अट. फोनवरच्या घरच्या चॅट-गटाच्या गप्पा क्लबच्या कॉम्प्युटरवर, शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवायच्या, म्हणजे मॉस्कोत राबणाऱ्या पोरांनाही आशीर्वाद पोहोचेल. लोकांनी निमूट फोन पुढे केले.

इथवर मी नाक मुरडून गप्प होते. मग बुरुलचा बाप कादिर बसला.

बुरुल माझी विद्यार्थिनी. शात्मानचा नातू तिलेक याच्याशी तिचं ठरलं होतं. दोघं शाळेपासूनची. तिलेकच्या आईनं रीतीप्रमाणे येऊन तिच्या कानांत चांदीची कर्णफुलं घातली होती, आणि ती घातली म्हणजे मुलगी त्या घरची झाली. कादिर कौतुकानं बसला. व्याह्यांपुढे आपलंही घराणं दिसावं, एवढीच त्याची हौस.

चादरीवर आलं, "खापरपणजोबा: अल्तिमिश बातीर."

मग शात्मान काठी आपटत उठला. "एकच खापरपणजोबा! म्हणजे ही पोरं भाऊबहीण! तोबा, तोबा!"

"पितरांनी वेळेवर वाचवलं!" मुकाश ओरडला. "पण ते रागावलेत! शुद्धीला पांढरी घोडी लागेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिलेकची आई कादिरच्या घरी गेली आणि बुरुलच्या कानांतली कर्णफुलं काढून घेऊन आली. तिलेक दारात उभा होता, मान खाली घालून. दुपारपर्यंत विहिरीवरच्या बायका कुजबुजू लागल्या, की भावाबरोबर फिरत होती ती. कुणी म्हणालं, हात धरताना पाहिलंय. पोरगी घराबाहेर पडेना. मी भेटायला गेले तर म्हणाली, "बाई, माझ्या अंगाला घाण लागल्यासारखं वाटतंय. मी काय केलं?"

संताप नव्हे, सरळ किळस आली. त्या मखमली झग्याची आली आणि विहिरीवरच्या जिभांचीही.

उत्तर मला वर्गात सापडलं. सातवीच्या पोरांना एकेक उभं करून पिढ्या म्हणायला लावल्या. पहिला म्हणाला, बाप अमुक, आजा तमुक, पणजा अमका, चौथा अल्तिमिश बातीर. दुसऱ्याचा चौथा अल्तिमिश. तिसऱ्या पोरीचा अल्तिमिश. मागच्या बाकावरचा तर पहिले तीन विसरला, पण चौथा छाती काढून म्हणाला. सगळ्या घरांनी नवा मालमसाला पोरांना घोकवला होता. सबंध वर्गाचा खापरपणजोबा एक! घोडे पळवायला त्या वीराला सवड कधी मिळाली असेल?

तडक बाजारात गेले. तिथे आशल्यान-फू, म्हणजे आंबट-तिखट थंड शेवया, विकणारा इस्खार आहे. तो दुंगान. त्याचे पूर्वज डोंगर ओलांडून चीनमधून आले हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"इस्खार, आज क्लबात बसशील?"

"बाई, मी काय तुमच्या टोळीतला? माझे पितर या यंत्राला सापडले तर चिनी बोलतील."

"तेच ऐकायचंय मला."

संध्याकाळी मी त्याला पुढे काढला. मुकाशची भुवई चढली, पण एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? शेजारी इस्खारच्या गप्पा उघडल्या. थेंब दाबला. मुकाशचा घोगरा आवाज वाचू लागला आणि मध्येच चिरकला.

"खापरपणजोबा, अल्तिमिश बातीर. बुगू टोळीचे थोर वीर. त्यांनी... रणांगणावर हजार योद्ध्यांना थंड शेवया वाढल्या."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. इस्खार म्हणाला, "तिखट जास्त की कमी, ते नाही का लिहिलं? माझ्या गप्पांत तर सगळ्या ऑर्डरीच आहेत."

"शांतता!" मुकाश गरजला. "याच्या घराण्यात कुणी किरगीझ कैदी असेल! पितर खोटं बोलत नाहीत!"

"मग माझ्या पितरांना बोलवा," मी म्हणाले आणि खुर्चीत बसले. माझ्या गप्पा उघडल्या, थेंब मीच दाबला आणि विचारलं, "माझे आजोबा बेकबोलोत कसे वारले?"

चादरीवर आलं, "तुमचे आजोबा आकाशातून झेपावलेल्या महाकाय पक्ष्याशी एकटे झुंजले आणि अग्निकुंडात वीरमरण पावले."

"काय बरळतंय हे?" शात्मान आजोबाच बोलला. "बेकबोलोत न्यूमोनियानं गेला, काराकोलच्या दवाखान्यात. अंघोळ मी घातली त्याला शेवटची. कुठला पक्षी न कुठलं कुंड!"

"नक्की, आजोबा?"

"अगं, या हातांनी धुतलाय त्याला!"

तेव्हा मी शेजारचा टॅब सगळ्यांना दिसेल असा मोठा केला. दुपारी नारिन शहरातल्या माझ्या बहिणीला मी मुद्दाम लिहिलं होतं, 'आपले आजोबा शेजारच्या कोंबड्याला भिऊन पळाले आणि तंदूरमध्ये पडून वारले.'

हसण्याचा असा भडका उडाला की प्रोजेक्टर हलला. मी मात्र हसले नाही.

"बघा," मी म्हणाले. "शेजारी उघडलेलं पान हे एक्स्टेंशन वाचतं आणि त्यालाच मुलामा देऊन परत वाढतं. आधी बसून गेलेल्यांचंही याच्या आठवणीत राहतं, कारण सगळे एकाच कॉम्प्युटरवर, एकाच खात्यात बसलात. पहिले शात्मान आजोबा बसले, त्यांनी अल्तिमिश सांगितला. पुढे ज्याची ज्याची जागा रिकामी निघाली, तिथे यानं अल्तिमिश कोंबला. 'ठाऊक नाही' म्हणायचं नाही, वीरच सांगायचा, असं याला बजावलेलं असणार. आता मी आठवण पुसते."

पुसली, गप्पांची पानं बंद केली आणि इस्खारचा खापरपणजोबा पुन्हा विचारला. सारिबाय बातीर आला. पुन्हा विचारला, तर तुर्दुबेक बातीर.

"अरे वा!" इस्खार म्हणाला. "घडीघडीला नवा बाप!"

"देहाचं मरण वेगळं, आत्म्याचं वेगळं..." मुकाशचं चालूच होतं, पण आवाजातला घोगरेपणा पळाला होता.

सोनुन हळूच पुढे आली. "बाई, मग माझ्या आईचं?"

"तू मॉस्कोतल्या लेकाला हे कधी लिहिलं होतंस का?"

तिनं आठवून पाहिलं. "हिवाळ्यात. त्याला लिहिलं होतं." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे आईनं माफ केलं, असं कुणी म्हणालंच नाही?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. त्या बाईचं दुःख चोरायचं आणि साखर लावून तिच्याच हातात ठेवायचं, एवढा हलकटपणा मी कोंबडीचोरातही पाहिला नाही.

तरीही शात्मान आजोबा हटेना. "दुंगानाचं चुकलं असेल. तुझं चुकलं असेल. कादिरचं खरं आहे. अल्तिमिशच्या रक्तात लग्न होणार नाही!"

तेव्हा उठली त्याची बायको, काल्यीपा आजी. ती भर क्लबात कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"ए म्हाताऱ्या, माझा भाऊ बसला होता तेव्हा यंत्र काय म्हणालं?"

शात्मान दाढी कुरवाळू लागला.

"अल्तिमिश म्हणालं ना? मग मी तुझी कोण?" तिनं कानांतली जुनी कर्णफुलं काढली आणि कीबोर्डवर टाकली. "पोरीची काढलीस, माझीही ठेव. आयुष्यभर भावाच्या घरी रोट्या भाजल्या म्हणायच्या! सहा पोरं झाली, त्यांचं काय करू? परत पाठवू?"

म्हातारा मटकन बसला. भिंतीकडचे नवरे बायकांकडे आणि बायका नवऱ्यांकडे बघू लागल्या, कारण प्रत्येक जोडप्याच्या दोन्ही अंगांना अल्तिमिश बसवलेला होता. मुकाशनं या गडबडीत प्रोजेक्टरची वायर उपटली आणि पितर रुसले, असं पुटपुटत तो मागच्या दारानं गाडीकडे निघाला. कुणी अडवलं नाही. सोनुन फक्त त्याच्या वाटेत थुंकली.

दुसऱ्या दिवशी शात्मानच्या घरचे सगळे कादिरकडे गेले. मलाही नेलं. तिलेकच्या आईनं कर्णफुलांची डबी पुढे केली. "झालं गेलं विसर, बाळ. यंत्रानं फसवलं आम्हाला."

बुरुलनं डबी घेतली नाही. तिनं तिलेककडे पाहिलं. "माझी कर्णफुलं काढली तेव्हा तू दारात होतास. 'कशावरून?' एवढं तरी विचारलंस?"

"आजोबांपुढे मी कसा बोलणार?"

"विहिरीवर बायका बोलत होत्या तेव्हा?"

त्यानं पुन्हा मान खाली घातली.

"मला यंत्रानं नाही फसवलं," बुरुल म्हणाली. "त्याला मी ओळखत नव्हते. तुला ओळखत होते." आणि ती आत गेली.

लोकांनो, एक्स्टेंशन खुशाल वापरा. अर्ज लिहा, लेख शोधा, पोरांच्या अभ्यासाला घ्या, मीही वापरते. पण ब्राउझरला चिकटवण्याआधी ते काय काय वाचणार आहे ते बघा, आणि त्यानं काही सांगितलं की विचारा, कशावरून? मूळ दाखव म्हणा. मखमली झगा घालून बोलणाऱ्याला तर दोनदा विचारा, आणि पांढऱ्या दाढीलाही विचारा. विचारल्यानं मान जात नाही. न विचारल्यानं काय जातं ते आम्ही पाहिलं.

बुरुल आता काराकोलला नर्सिंग शिकते. तिलेक गावातच आहे. लोक म्हणतात, पोरीचा राग जाईल हळूहळू. मी म्हणते, का जावा?