मधली खोली

भावाने हातोडीच्या दांड्याने भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि पुन्हा टकटक केली.

"आत पोकळ आहे," तो म्हणाला.

"ते मलाही कळतंय," ताई म्हणाली. तिने नकाशा जमिनीवर पसरला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर स्वतःची चप्पल ठेवली होती. तपासणीची खोली आणि औषधांची खोली यांच्यामध्ये एक चौकोन दिसत होता. चार भिंती, दार नाही, नाव नाही.

दवाखाना आज ताब्यात द्यायचा होता. सकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळी इमारत फिरून पाहिली, नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या-मिटल्या आणि या भिंतीपाशी येऊन त्या थांबल्या. इथे काय आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा बहीणभाऊ एकमेकांची तोंडं पाहत राहिले. "ही खोली मी मागितलेली नाही. आत काय आहे ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा," असं म्हणून बाई गेल्या. त्यांचंही बरोबरच होतं. आराखडा आणि बांधकाम असा दोन्हींचा मिळून एकच ठेका त्यांनी या दोघांना दिला होता तो याचसाठी. आराखडा करणाऱ्याने बांधणाऱ्याकडे बोट दाखवायचं, बांधणाऱ्याने आराखड्याकडे, आणि मालकाने मध्ये उभं राहून डोकं धरायचं, ही रड त्यांना नको होती.

पण बोटं काय, घरातल्या घरातही दाखवता येतात. दोघांनी आपसात वेगळं ठरवून घेतलं होतं. आराखड्यात चूक निघाली तर ती ताईच्या अंगावर, बांधकामात निघाली तर भावाच्या, आणि ताबा लांबला तर नुकसानही त्याच वाटेने जायचं. हे काम घ्यायला ताईने राहतं घर तारण ठेवलं होतं, भावाने यंत्रं. यंत्रं काय, पुन्हा उभी करता येतात. ताईच्या घरात तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या.

"तू काढलीस म्हणून मी बांधली," भाऊ म्हणाला.

"मी? अरे, तू बांधलीस म्हणून मी नकाशात घेतली. मला वाटलं, पाइप-बिइप न्यायला जागा ठेवली असशील."

हे त्यांचं नेहमीचंच होतं. पाया भरून झाला तरी वरचे नकाशे तयार नसायचे. कधी नकाशा पुढे असायचा, कधी भिंत. भावाने जागेवर काही बदललं की ताई ते निमूट नकाशात उतरवून घ्यायची, आणि ताईने रेघ हलवली की भाऊ भिंत हलवायचा. एकमेकांना विचारत बसायची त्यांना गरजच पडत नसे, आणि या गोष्टीची दोघांनाही भारी घमेंड होती.

"आधी काय झालं मग? भिंत की रेघ?"

दोघांनाही आठवेना.

गवंड्याने ड्रिलने डोळ्याच्या उंचीवर एक भोक पाडलं. आतून हवा आली. बंद जागेची कोंदट हवा नव्हती ती. माणसं नुकतीच उठून गेलेल्या खोलीसारखी उबदार होती. भावाने मोबाइलचा उजेड भोकाशी धरला आणि तो बराच वेळ पाहत राहिला; मग वाकवलेली तार आत घालून त्याने या भिंतीची आतली बाजू खरवडून पाहिली.

"आत गिलावा झालाय."

"असेल की."

"चारही भिंतींना झालाय, ताई. या भिंतीलाही. आतून."

ताईला कळायला क्षणभर लागला. छत आधीच घालून झालं होतं आणि ही शेवटची भिंत बाहेरून चढवली होती. ती चढल्यावर आतून गिलावा करणारा बाहेर आला कुठून?

"माझी सगळी माणसं बाहेरच आहेत," गवंडी न विचारताच म्हणाला. मग पाणी पिऊन येतो म्हणून गेला, तो काही परत आला नाही.

ताई जमिनीवर बसली.

"रेघ माझीच असणार रे," ती म्हणाली. "मीच काढली असेन केव्हातरी. सासूबाईंना आता कुठे घेऊन जाऊ मी?"

भावाला बहिणीची फार दया आली. पण खोली आपली नाही हेही त्याला मनापासून वाटत होतं. त्याने पेन्सिल दातात धरली आणि तो टेपने भिंत मोजायला लागला.

"दार करू," ताई थोड्या वेळाने म्हणाली. रडं आवरून तिने पर्समधून दुसरी पेन्सिल काढली होती. "दार करू, आत दिवा लावू, सामानाची खोली म्हणून दाखवू. संध्याकाळपर्यंत झालं तर बाई घेतील." ती नकाशावर ओणवी झाली आणि चौकोनाची एक बाजू खोडून तिने तिथे दार काढलं.

भावाने वाकून पाहिलं. दातातली पेन्सिल काढून त्याने विचारलं, "बाहेर का उघडतंय? तुझी दारं नेहमी आत उघडतात."

"तूच म्हणालास ना आत्ता?"

"काय म्हणालो?"

"'बाहेर' म्हणून. मी विचारच करत होते आत घ्यावं की बाहेर, आणि तू म्हणालास."

तो शब्द त्यानेही ऐकला होता. काढता काढता ताईच पुटपुटली असेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता.

"हो," तो म्हणाला. "मीच म्हणालो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! आणि आता आठवलं मला. खोलीही मीच बांधली, तुला न विचारता. बांधकामातली चूक आहे, माझ्या अंगावर घाल. तुझं घर कुठे जात नाही."

"आणि तो गिलावा?"

"बघतो मी. तू जा, बाईंना फोन कर, आणि त्या येईपर्यंत फाटकापाशीच थांब. इथे धूळ उडेल."

ताईने नकाशाची गुंडाळी केली, पायात चप्पल सरकवली आणि ती निघाली. दारातून तिने एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा त्याने हसून हात हलवला. तिची पावलं जिना उतरून पार ऐकू येईनाशी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

मग त्याने छिन्नी उचलली, भिंतीजवळ तोंड नेलं आणि हळू आवाजात विचारलं,

"कुठून फोडू?"