बचनाग कोणी चाखायचा

आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान सासऱ्यांच्या जिभेला. बोलण्यासाठी ते ती फारशी वापरत नसत. ती होती बचनाग चाखण्यासाठी.

बचनाग म्हणजे जहाल विष. त्याचं कच्चं मूळ पोटात गेलं तर धडधाकट माणसाचंही काळीज बंद पडतं. पण तेच मूळ भिजवून, दुधात पुन्हा पुन्हा उकळून त्यातलं विष मारलं, की धरलेल्या सांध्यांना आराम देतं. दुकानामागच्या खोलीत आम्ही त्याच्या गोळ्या करतो. विष मेलं की नाही, हे ठरवायची घराण्याची रीत एकच. सासऱ्यांनी उकळलेल्या मुळाचा कण जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, थुंकायचा, चूळ भरायची. जीभ चुरचुरली तर माल परत पातेल्यात. नाही चुरचुरली तर सासरे मान हलवणार आणि माझा नवरा खल पुढे ओढणार.

गेल्या वर्षभरात एकही माल परत पातेल्यात गेला नव्हता. "हात बसलाय बाबांचा," नवरा अभिमानानं सांगायचा. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण स्वयंपाक मी करते. एकदा भाजीत चुकून दोनदा मीठ पडलं. नवऱ्यानं ताट सरकवलं, सासरे मुकाट जेवले. वाटलं, सुनेची लाज राखली. मग मी मुद्दाम त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आगाऊपणा म्हणा हवं तर. त्यांनी कप रिकामा केला आणि म्हणाले, "फक्कड झालाय."

सांधे धरून अंथरुणाला खिळलेली माझी आई ह्याच गोळ्या घेते.

नवऱ्याला सांगितलं, तर तो भडकला. "तू डॉक्टर आहेस का? बाबांच्या जिभेवर हे दुकान उभं आहे."

नवा माल तयार झाला त्या सकाळी मी खोलीच्या दारातच उभी राहिले. पहिला डबा माझ्या आईकडे जाणार होता. "सासूबाईंना ताजा माल," नवरा मोठ्या कौतुकानं म्हणत होता. सासऱ्यांनी कण चाखला, थुंकला आणि मान हलवली. नवऱ्यानं खलाला हात घातला, तशी मी पुढे झाले आणि ताटलीतला एक कण उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवला.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"थांबा जरा."

आधी काहीच झालं नाही. मग जिभेचा शेंडा चुरचुरायला लागला, ओठ जड झाले, दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर होतात तसे. मी घाईघाईनं थुंकले, चुळा भरल्या. बोलायला गेले तर शब्द धड फुटेनात. नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. सासरे खाली बघत तांब्याशी चाळा करत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?" मी बोबड्या जिभेनं कसंबसं विचारलं.

"जीभ कधीच मेलीय, चवही कळत नाही आणि चुरचुरही," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर दुकान बंद पडलं असतं."

"आणि माणसं बंद पडली असती तर?"

त्या वर्षात यायची थांबलेली म्हातारी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांपुढे आली. वय झालं होतं त्यांचं, असं आम्हीच म्हणालो होतो. मला त्या बापलेकांची किळस आली.

मी म्हटलं, ह्यापुढे प्रत्येक माल प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. नवरा म्हणाला, "म्हणजे गावभर बोभाटा! आणि घरात एवढी शाबूत जीभ असताना बाहेर कशाला जायचं?" लग्नानंतर इतक्या प्रेमानं त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "तशीही तुझी जीभ तिखटच आहे," असंही वर म्हणाला आणि बापलेक हसले. सासऱ्यांनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मला कोणी विचारलं नाही. मी नाही म्हटलं असतं तर तोच माल डब्यात भरला गेला असता, म्हणून बसले.

आता माल वरचेवर परत पातेल्यात जातो. गिऱ्हाइकांना नवरा अजून सांगतो, बाबांनी पारखलेला आहे.

परवा मी चूळ भरत होते आणि आईचा फोन आला. ती खुशीत होती. "जिना चढते मी आता! तुझ्या सासऱ्यांच्या हाताला गुण आहे हो." मग एकदम थबकली. "काय गं, अशी बोबडी का बोलतेस?"

खरं सांगितलं असतं तर तिनं गोळ्या त्याच क्षणी फेकल्या असत्या आणि पुन्हा अंथरुणाला खिळली असती.

"तोंडात घास आहे, आई."

"सावकाश जेव," आई म्हणाली. "नशीब काढलंस पोरी. असं सासर सगळ्यांना मिळत नाही."