वरच्या खुणेच्याही वर

आमच्या गाडीखाली रोज सकाळी तेलाचा डाग असायचा. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गाडी अठरा वर्षांची, त्यामुळे आमच्या शार्दूलने बेंगळुरूहून फोनवरच निकाल देऊन टाकला, "आई, रविवारी येतो आणि भनपुरीच्या भंगारवाल्याला देऊन टाकतो." मेकॅनिकही तसाच. त्याने वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "इंजन खोलना पड़ेगा, दीदी."

मला त्या गाडीचा फार लळा होता असं नाही. पण नवा रायपुरात गाडी गेली म्हणजे पाय गेले. इथे बस कधी येईल ते बसलाही ठाऊक नसतं. आणि माझा नवरा, नरेंद्र, रोज सकाळी शेजारच्या नरहरींना घेऊन जुन्या रायपुरातल्या बुढापाऱ्याला जायचा. तलावाजवळ चहा, जुन्या मित्रांशी भांडण, दहाला परत. रिटायर झाल्यावर सहा महिने हा माणूस छताच्या पंख्याकडे बघत पडून होता. या फेरीने त्याला उठवलं होतं. गाडी गेली तर पुन्हा तो पंखा, आणि ते मला अजिबात नको होतं.

शिवाय मला उत्सुकता होती, ते खोटं कशाला सांगू. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पांढऱ्या फुलाचा देठ लाल शाईत बुडवायचा आणि पाणी कुठल्या वाटेने चढतं ते पोरांना दाखवायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तेल खाली पडतंय ते सगळ्यांनाच दिसत होतं. ते निघतं कुठून, हे कुणीच विचारत नव्हतं.

गुरुवारी दुपारी नरेंद्र झोपले असताना मी बॉनेट उघडलं. जुनं बनियन आणि टूथब्रश घेऊन इंजिन पुसून काढलं. दीड तास लागला. मग घामोळ्यांच्या पावडरचा अख्खा डबा त्यावर भुरभुरवला. इंजिन पांढरंफटक झालं. गाडी चालू केली आणि स्टूल घेऊन समोर बसले.

पंधरा-वीस मिनिटांनी पावडरवर ओली रेघ उमटली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. रेघ खालून सुरू होत नव्हती. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेल पाझरत होतं. शिवाय तेल मोजायची पट्टी जिथे खोचलेली असते, त्या नळीच्या तोंडाशीही. मिस्त्री त्या पट्टीला गेज म्हणतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मेकॅनिक खालून इंजिन उघडायला निघाला होता.

इंजिन बंद केलं, जरा निवू दिलं आणि गेज काढून पाहिलं. गेजवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मधे हवं. आमचं तेल वरच्या खुणेच्याही चांगलं चार बोटं वर होतं. इतकं कोंबल्यावर ते बाहेर पडणार नाही तर काय करणार.

आता कोंबत कोण होतं? दर रविवारी गेज बघून तेल घालायचं काम नरेंद्रांचं. ते सर्व्हेअर होते. आयुष्यभर दुर्बिणीतून मोजपट्टीवरचे आकडे वाचले, दुसऱ्याने वाचलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही. अशा माणसाची चार बोटांची चूक मला पटेना.

मी त्यांना उठवून आणलं. "जरा तेल पाहून देता का?"

त्यांनी गेज काढलं, पुसलं, बुडवलं, उन्हात धरून मान जरा तिरकी केली. "खालच्या खुणेवर आहे. टाकावं लागते थोडं."

तेल तर चार बोटं वर चमकत होतं. मी गेज हातात घेतलं, पाठ वळवून पदराने कोरडं ठणठणीत पुसलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. "आता?"

त्यांनी पुन्हा मान तिरकी केली. "तेच. खालच्या खुणेवर."

उत्तर सापडलं होतं आणि मला ते नको होतं. दुपारभराची हुशारी गळून गेली.

"हे कोरडं आहे," मी म्हटलं.

ते गेजकडे बघत राहिले. मग स्टुलावर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. मधलं दिसत नाही. कडेचं दिसते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असती तू."

"हव, घेतलीच असती. तुम्ही रोज हायवेवर गाडी घेऊन जाऊन राहिले. कोणी पोट्टं समोर आलं असतं तर?" माझा आवाज चढला होता. मला भयंकर राग आला होता, आणि त्याखाली भीती होती.

"नरहरी असते न बाजूले," ते हळूच म्हणाले.

नरहरी बहात्तर वर्षांचे, एका कानाने बहिरे. ते बाजूला असून काय होणार, मला कळलं नाही, आणि त्या क्षणी विचारायची इच्छाही नव्हती.

तेल तर काढायला हवं होतं. मी पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. नरेंद्र जुनं घमेलं घेऊन खाली सरकले. खालचा बोल्ट त्यांनी बोटांनी चाचपून ढिला केला, थोडं तेल जाऊ दिलं, पुन्हा बसवला. एक थेंब वाया गेला नाही. मी गेज बघून सांगत होते, अजून, अजून थोडं, बस.

"किती?" त्यांनी खालून विचारलं.

"दोन्ही खुणांच्या मधोमध."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बोल्ट आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालची फरशी कोरडी होती. शार्दूलला कळवलं की रविवारी ये, पण भंगारवाल्याशी बोलू नको. सोमवारची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही घेतली.

नरहरी नेहमीच्या वेळी आले. मी स्टिअरिंगवर बसलेली पाहून काय ते समजले आणि मुकाट्याने मागे बसले. नरेंद्र माझ्या शेजारी. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागून आवाज सुरू झाला.

"डावीकडून सायकल. सिग्नल लाल आहे. आता हिरवा. पुढं दोन गाई, मधोमध. ट्रक उजवीकडून निघून राहिला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात-आठ महिने हे दोघे मिळून एक ड्रायव्हर झाले होते.

"भाऊजी," मी जरा तोडूनच म्हटलं, "मले दिसते."

"हव वहिनी. सवय झाली." ते ओशाळून गप्प झाले.

एक चौक गेला, दुसरा गेला. नरेंद्र हात मांडीवर ठेवून समोरच्या काचेकडे तोंड करून बसले होते.

"सांगू दे त्याले, देवयानी," ते म्हणाले. "मी पाहून राहिलो."

मी आरशातून नरहरींकडे पाहिलं. "सांगा भाऊजी," म्हटलं आणि गाडी जरा हळू केली.