कमीच होत चाललंय

दुभाषीताई जिना चढून कचेरीत आल्या तेव्हाच त्यांचं अंग आंबून गेलं होतं. सकाळपासूनची ही तिसरी बैठक.

पंपांना लागणारे रबरी वॉशर बनवणारा हा अठरा माणसांचा कारखाना. सगळा माल एकाच जपानी कंपनीला जायचा. दर महिन्याला तिथले खरेदी अधिकारी पडद्यावर यायचे आणि ताई त्यांचं बोलणं मालकांना समजावून सांगायच्या. मालकांना सगळे दादाच म्हणत.

गेले तीन महिने ते अधिकारी एक वाक्य न चुकता म्हणत होते. "चूमोन वा हेरु इप्पोऽ देस." चूमोन म्हणजे ऑर्डर, हेरु म्हणजे कमी होणं. इप्पोऽ म्हणजे एकच दिशा. गाडी तिकडेच चाललीय, वळायचं नाव नाही. संध्याकाळच्या जपानीच्या वर्गात ताई हे शिकवतानाही सांगायच्या, "आपण 'आजार वाढतच चाललाय' म्हणतो ना, अगदी तसं."

इथे मात्र त्यांनी पहिल्या वेळी सांगितलं, "मागणी सध्या जरा मंद आहे." वहिनींचं ऑपरेशन आटोपून दादा त्याच दिवशी कामावर आले होते. चेहरा पार उतरलेला. ताईंची जीभ रेटली नाही. दुसऱ्या वेळी तेच सोपं वाटलं. तिसऱ्या वेळी खरं सांगावं, तर आधीचं उघडं पडलं असतं.

आज पडदा सुरू व्हायच्या आधी दादा खुशीत म्हणाले, "ताई, नवं प्रेस मशीन मागवून टाकलं बरं का! मंदी काय, येते नि जाते. मंगळवारी त्याचा पाया खणायला माणसं येताहेत."

तेवढ्यात अधिकारी पडद्यावर आले, नमस्कार झाले आणि तेच वाक्य आलं.

"काय म्हणतात?"

"दादा, ऑर्डरी कमीच होत चालल्यात. परत वाढतील असं त्यांच्या बोलण्यात काही नाही." मग त्यांनी पुढचंही सांगितलं. "पहिल्यापासून ते हेच म्हणताहेत. मीच सौम्य करून सांगत होते."

"पहिल्यापासून?"

"हो."

पडद्यावरचे अधिकारी अदबीने थांबले होते. दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विचारा त्यांना, पुढच्या वर्षी किती घेणार."

ताईंनी विचारलं. उत्तर आलं, निम्मे. ताईंनीही निम्मेच सांगितलं.

पडदा बंद झाल्यावर दादांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "माझी काळजी करायला घरची माणसं आहेत, ताई. तुम्ही फक्त सांगायचं होतं."

"चुकलं माझं."

त्यांनी मशीनवाल्याला फोन लावून ऑर्डर रद्द केली आणि फोरमनला वर बोलावलं.

"पुढच्या महिन्यात येऊ का?" ताईंनी दारातून विचारलं.

"या. पण बोलणं टेप करू."

जिन्यात हात पुसत येणारा फोरमन भेटला. "काय ताई, काय म्हणतात तिकडचे?"

"दादाच सांगतील," म्हणून ताई खाली उतरल्या. थांब्यावर बस आली, तिच्यात जागाही होती. पण बाकावरून उठायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी ती जाऊ दिली.