भरलेली जखम

गेल्या वर्षीची, १९५२ सालची गोष्ट. कलकत्त्यात भवानीपूरला आमच्या वरच्या मजल्यावर श्रीकांतचं बिऱ्हाड. रविवारी सकाळी माझी बायको सुहासिनी तांदूळ निवडत होती. समोर श्रीकांतची बायको शकुन बसली होती. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं मेलेलंच जन्मलं, त्याला महिनाही झाला नव्हता.

वरून तिच्या सासूबाई, कालिंदीबाई, ओरडल्या, "नाव शकुन आणि पायगुण हा असा! चल वर. गुरुवारी नागपूरचे पाहुणे यायचेत, घर कोण आवरणार?"

पाहुणे कशाला येत होते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वंशाला दिवा हवा म्हणून श्रीकांतचं दुसरं लग्न ठरत होतं. मुंबई इलाख्यात हे कायद्यानं बंद झालं होतं, कलकत्त्यात नाही.

"डॉक्टर काय म्हणाले गं?" सुहासिनीनं विचारलं.

"अशक्तपणा आहे म्हणे."

"तुला म्हणाले?"

"मला कुठं बंगाली येतं, वहिनी? ते ह्यांना सांगतात आणि हे मला. डॉक्टर खूप वेळ बोलतात. हे एवढंसंच सांगतात."

सुहासिनीचा जन्म कलकत्त्यातला. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी शकुनला पाहून म्हातारे डॉक्टर चिडलेच. "मा, इंजेक्शनं घ्यायला का आला नाहीत? नवऱ्याला दोनदा बजावलं. तोही आला नाही."

सुहासिनीनं ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. पुढचंही सगळं सांगितलं. दोघांच्या रक्तात उपदंश निघाला होता. त्यालाच आपण गरमी म्हणतो. लग्नाआधी श्रीकांतला गुप्त जागी जखम झाली होती.

"तिथल्या जखमा बऱ्याच तऱ्हांच्या असतात," डॉक्टर म्हणाले. "काही ठणकतात, पू येतो. काही बारीक फोडांनी सुरू होतात, बऱ्या होतात, पुन्हा येतात. माणूस घाबरून दवाखान्यात धावतो. ही जखम फसवी. बहुतेक वेळा एकच, कडा टणक, दुखत नाही आणि औषधावाचून भरून येते. माणसाला वाटतं, सुटलो. रोग अंगातच राहतो. बाईला ती जखम आत होते, दिसतही नाही. पुढं कधी तळव्यांवर पुरळ येतं. खाजत नाही, आपोआप जातं. मग पोटातली मुलं मरतात."

शकुननं आपले तळवे पाहिले. "लग्नाच्या वर्षी आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता. सब्जा भिजवून दिला." मग म्हणाली, "ह्यांना हे सगळं माहीत होतं?"

सुहासिनीनं विचारलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

शकुन रडली नाही. "इंजेक्शन आजच द्या म्हणावं."

गुरुवारी मुलीचे वडील भालचंद्रपंत आले. आपल्या माणसांतले म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. शकुननं पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि तिथंच उभं राहून सगळं सांगितलं.

"जीभ झडो तुझी!" कालिंदीबाई किंचाळल्या. "तरुणपणी पुरुषाचं होतं असं काहीतरी. लग्न केलं की मार्गाला लागतात. म्हणून तर तुला आणली!"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. दुखण्यावर औषध म्हणून सून आणली होती.

श्रीकांत सुहासिनीला म्हणाला, "वहिनी, हे तुम्ही शिकवलंत."

"डॉक्टर बोलले तेवढंच मी सांगितलं. ते तुमचं काम होतं, भावजी."

भालचंद्रपंतांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी श्रीकांतला विचारलं, "जखम भरली ना आता?"

"केव्हाच भरली."

पंतांनी बशी पुन्हा उचलली.

"मुलीचं नाव काय?" शकुननं विचारलं.

"उज्ज्वला."

"मग हे सगळं उज्ज्वलाला सांगा आणि तिला विचारा. तिला मराठी कळतं. मध्ये कोणी नको."

त्यांनी विचारलं नाही. घरात आणखी दोन मुली उजवायच्या होत्या. वैशाखात लग्न लागलं. शकुन सगळी इंजेक्शनं घेऊन इंदूरला भावाकडे निघून गेली, परत आली नाही. श्रावणात माझी सुहासिनी टायफॉइडनं गेली. तिच्यावाचून घर खायला उठतं, पण ते रडणं इथं नको.

उज्ज्वला आता वर राहते. तिला दिवस गेले आहेत. काल जिन्यात भेटली, तेव्हा तिच्या तळव्यांवर पुरळ दिसलं. मी विचारलं तर म्हणाली, "हे म्हणतात, इथली हवा मानवत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले म्हणे."

त्या लग्नात इथल्या आपल्या मराठी माणसांपैकी कितीजण जेवले, ते ज्याचं त्याला ठाऊक आहे. शकुनचं बोलणं तोवर घरोघर पोचलं होतं. परक्या पुरुषानं दुसऱ्याच्या सुनेशी असलं बोलणं निर्लज्जपणाचं, हे मला कळतं. पण ज्यांनी लाज धरायची, ते पानसुपारी वाटत फिरले. आज मी शकुनच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारून आलो. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर मूल वाचू शकतं, आईही बरी होते.

माझं बंगाली मोडकं आहे. एवढ्यापुरतं पुरेल. उद्या श्रीकांत कचेरीत गेला की मी वर जाऊन कालिंदीबाईंच्या देखत उज्ज्वलाला सगळं सांगणार आहे. ती हो म्हणाली तर खाली रिक्षा उभी असेल.